शून्य शिलकेचा समुद्र

शून्याचा शोध भारतात लागला याचा मला इतर कोणाही भारतीयाइतकाच अभिमान आहे. परंतु शोध आपला म्हणून ती वस्तू दिसेल तिथे वापरलीच पाहिजे, असं मात्र नाही. फलंदाजाच्या नावापुढे शून्य शोभत नाही, गणिताच्या पेपरावर शोभत नाही आणि बचत खात्याच्या शिलकेत तर मुळीच शोभत नाही. या यादीत आज मी आणखी एका जागेची भर घालणार आहे. ती जागा म्हणजे प्रवाळांच्या टाकीतल्या पाण्याचं नायट्रेट आणि फॉस्फेट.

हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा नाही असं वाटून पान उलटायला निघालेल्या वाचकांनी जरा थांबावं. ज्या घरात पाहुणा पुरता उठायच्या आत त्याच्या खुर्चीवरची चादर झटकली जाते, त्या घरालाही हा विषय लागू आहे. काही माणसांना स्वच्छता आवडते आणि काही माणसांना फक्त शून्य आवडतं. या दुसऱ्या जातीला मी शून्यवादी म्हणतो. (नागार्जुनाच्या अनुयायांनी गैरसमज करून घेऊ नये. त्यांचं शून्य फार खोल होतं. यांचं शून्य टेस्ट किटच्या नळीत मावतं.)

आमचा मेहुणा याच पंथातला. तो न्यू जर्सीला असतो आणि तिथे मराठी माणूस जे करतो तेच करतो, म्हणजे संगणकाची नोकरी. त्याच्या दिवाणखान्यात चारशे लिटरची काचेची टाकी आहे आणि त्या टाकीत समुद्र आहे. समुद्रसुद्धा घरी केलेला. शुद्ध पाण्यात पिशवीतलं खास मीठ कालवून. त्यात केशरी पट्ट्यांचे दोन मासे, एक पिवळा मासा आणि खडकांवर चिकटवलेली वीस-पंचवीस प्रवाळं. आपल्याकडे पोवळं म्हणजे मंगळ कडक असलेल्या माणसाच्या बोटातली अंगठी. ही पोवळी जिवंत असतात, वाढतात, रात्री इवलेसे हात बाहेर काढून जेवतात, आणि एकेकाची किंमत ऐकली की मंगळ आपल्यालाच आहे की काय असं वाटायला लागतं. आपल्याकडे हा छंद करायचं मनात आलं तर आधी वकील गाठावा लागेल, कारण २००१ साली दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला जाऊन बसली. तेव्हा मी सांगतो ते सगळं तिकडचं. गेल्या वर्षी रजा साठवून सौ.सह तिकडे दीड महिना काढला, तेव्हा पाहिलेलं.

मेहुणा वारकऱ्याच्या घरातला, गळ्यात माळ. असं असून टाकीखालच्या कपाटात व्होडकाची बाटली आणि तिच्या शेजारी इंजेक्शनची सिरिंज! आमच्या सौ.नं हे दोन्ही एकदम पाहिलं आणि ती मट्‌कन खालीच बसली. ‘ताई, ती माझी नाही गं, जिवाणूंची आहे,’ असं तो म्हणाला. घरात सापडलेल्या बाटलीबद्दल दिलेलं आणि खरं निघालेलं असं स्पष्टीकरण मी आयुष्यात एकदाच ऐकलं.

प्रकार असा असतो. माशांना घातलेलं अन्न आणि माशांनी टाकलेली घाण यांचं शेवटी पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट होतं. पाण्यातले जिवाणू ही दोन्ही खाऊन स्वतःची प्रजा वाढवायला एका पायावर तयार असतात. पण त्यांना तिसरी वस्तू कमी पडते, ती म्हणजे कार्बन. मोदकांचं उदाहरण घ्या. खोबरं आहे, गूळ आहे, पण उकड संपली, तर सारण पातेल्यातच राहणार. व्होडका, व्हिनेगर किंवा साखर म्हणजे ही उकड. ती पडली की जिवाणूंचे मोदक भराभर वळले जातात. मग स्किमर नावाचं यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडून फेस वर आणतं आणि त्या फेसाबरोबर जिवाणूही बाहेर निघतात. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे गुऱ्हाळावर उसाच्या रसाच्या काहिलीत भेंडीचा चिकट रस घालतात, मळी वर येते, आणि गुळव्या ती काढून टाकतो. तीच ही विद्या. ऊस तेवढा नाही.

इथपर्यंत माझी काही हरकत नाही. भांडण गुळव्याशी नाहीच. भांडण आहे ते मळी संपल्यावरही झारा चालवत राहणाऱ्याशी.

मेहुण्यानं याची एक वही ठेवली होती. वही दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो. बँकेत संगणक येऊन जमाना झाला, तरी दुसऱ्याचा जमाखर्च तपासण्यातलं सुख अजून यंत्राला कळलेलं नाही. मार्च महिन्यात नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅम, फॉस्फेट पाव मिलिग्रॅम. व्होडकाची सुरुवात शंभर लिटरला रोज एक दशांश मिलिलिटर या रूढ हिशेबानं, म्हणजे ०.४. इथे मेहुण्याला शंभरपैकी शंभर. जूनमध्ये नायट्रेट ५ आणि व्होडका ६ मिलिलिटर. इथे कोणताही शहाणा कारकून पेन खाली ठेवून चहाला गेला असता. पण जुलैत व्होडका १०, ऑगस्टात १४, आणि पुढच्या दोन्ही रकान्यांत लाल शाईनं ओळीनं शून्य, शून्य, शून्य. लाल शाईत इतक्या आनंदानं लिहिलेलं मी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

वहीतला हा आनंद टाकीत मात्र दिसत नव्हता. जांभळी प्रवाळं धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखी झाली होती. वाळूवर आणि खडकांवर तपकिरी शेंबडासारखा थर, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले. हे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव. पाण्यातलं सगळं संपलं आणि बाकीचे उपाशी पडले, की यांना रान मोकळं सापडतं. आणि माझ्या नऊ वर्षांच्या भाचीनं वाढदिवसाला खेळणं न मागता मागून घेतलेलं हिरव्या फांद्यांचं प्रवाळ बुडापासून पांढरं पडत चाललं होतं. ती रोज शाळेतून आली की काचेला नाक लावून विचारायची, ‘मामा, पाणी तर एवढं क्लीन आहे, मग हे मरतंय का?’ तिच्या बापाकडे उत्तर तयार होतं : ‘अजून थोडी घाण राहिली असेल.’

हे वाक्य मला सहन झालं नाही. एखादा रुग्ण उपासानं खंगत असताना ‘अजून थोडं लंघन हवं’ म्हणणाऱ्या वैद्याचं हे वाक्य आहे. म्हणून मी शून्यवाद्यांचे मुद्दे एकेक करून घेतो.

मुद्दा पहिला. मेहुणा म्हणतो, ‘दाजी, खऱ्या समुद्रात, रीफवरसुद्धा नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ नसतंच.’ अगदी कबूल. पण हा आकडा शिलकेचा झाला, उलाढालीचा नव्हे. आणि या दोहोंतला फरक ज्याला कळत नाही त्याला पुन्हा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला बसवावं. सांगलीच्या हळद बाजारातल्या एखाद्या अडत्याचं चालू खातं संध्याकाळी पाहा. शिल्लक दोन हजार. म्हणून तो गरीब झाला का? दिवसभरात त्या खात्यातून लाखो रुपये इकडून तिकडे गेलेले असतात. रीफ म्हणजे हा अडत्या. तिथे पाण्याचा प्रत्येक लोट सूक्ष्म जीव घेऊन येतो, प्रवाळं ते पकडतात, मासे येऊन हगून जातात, कोणी कोणाचं खातं आणि कोणी कोणाचं पचवतं. जे येतं ते लगेच उचललं जातं, म्हणून पाण्यात शिल्लक दिसत नाही. १९८३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका निबंधात दाखवलं होतं, की दिवसा ज्या प्रवाळांवर माशांचे थवे विसाव्याला थांबतात ती प्रवाळं अधिक वेगानं वाढतात, का, तर वरून खताचा पाऊस पडतो म्हणून. त्या निबंधाच्या मथळ्यात माशांच्या थव्यांना चक्क प्रवाळांची ‘मत्ता’ म्हटलं आहे. ज्याला मेहुणा घाण म्हणतो, ते ताळेबंदात मत्तेच्या बाजूला बसतं. मेहुण्याच्या टाकीत मासे मोजून तीन, शिल्लकही शून्य आणि उलाढालही नाही. याला आमच्याकडे अडत्या म्हणत नाहीत. निष्क्रिय खातं म्हणतात.

मुद्दा दुसरा. ‘प्रवाळांना नायट्रेट-फॉस्फेट लागतं कुठे? ते उजेडावर जगतात.’ हेही अर्धंच. प्रवाळाच्या अंगात अतिसूक्ष्म शैवालं भाडेकरू म्हणून राहतात. ती उजेडात साखर तयार करतात आणि भाडं म्हणून मालकाला देतात. आता भाडेकरू कितीही सज्जन असला, तरी त्याचंही पोट असतं. त्याला नायट्रोजन हवा, फॉस्फरस हवा. तो मिळाला नाही, तर आधी भाडं थकतं, मग भांडण होतं, आणि मग भाडेकरू घराबाहेर! प्रवाळ पांढरं पडतं म्हणजे दुसरं काय होतं? त्या घराचा रंग मुळात भाडेकरूंचाच असतो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ आणि २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कामात हेच पुढे आलं, की फॉस्फेटची उपासमार झालेली प्रवाळं ऊन आणि उष्णता यांपुढे लवकर हात टेकतात आणि पांढरी पडतात. त्यातही वाईट अवस्था म्हणजे नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट गायब. म्हणजे नोकरांची भरती जोरात, पण पगारपत्रकच नाही.

इथे प्रमाणाचा प्रश्न येतो. आल्फ्रेड रेडफिल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९३४ साली प्रथम मांडलं, की समुद्रातल्या तरंगत्या जीवांच्या अंगात ही द्रव्यं एका ठरावीक प्रमाणात असतात. पुढे ते आकडे रूढ झाले : कार्बनचे १०६ अणू, नायट्रोजनचे १६ आणि फॉस्फरसचा १. जिवाणूंचं प्रमाण थोडं वेगळं असतं, पण तत्त्व तेच : तिन्ही वस्तू लागतात. आमच्याकडे व्हाउचर, सही आणि शिक्का या तिन्हींशिवाय पैसे मिळत नाहीत. नुसते शिक्के मारत बसलं तर पैसे वाढत नाहीत, शाई संपते. टाकीतलं फॉस्फेट संपल्यावर व्होडका वाढवणं म्हणजे हे शिक्के मारणं. उरलेलं नायट्रेट जागचं हलत नाही, आणि न वापरलेली व्होडका भलत्याच जिवाणूंच्या उपयोगी पडते.

त्या भलत्या जिवाणूंचीही हकिकत आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांच्या पाण्यात निरनिराळ्या शर्करा आणि निरनिराळी खतं घालून पाहिली. महिनाभरात शर्करांनी प्रवाळं मारली. नायट्रेट-फॉस्फेटनं तेवढ्या काळात मारली नाहीत. कारण शर्करेवर प्रवाळांच्या अंगावरच्या बुळबुळीत थरातले जिवाणू माजले. म्हणजे ज्याला शून्यवादी औषध म्हणतो, त्याचीच मात्रा चढली की विष होतं. शिवाय जिवाणू एकदम वाढले की पाणी दुधासारखं गढूळ होतं, आणि एवढी प्रजा श्वास घेऊ लागल्यावर रात्री माशांना प्राणवायू पुरत नाही. बाटली कपाटात राहिली काय आणि पाण्यात गेली काय, जास्त झाली की शेवट तोच.

मुद्दा तिसरा. ‘पण टेस्ट शून्य दाखवते ना!’ टेस्ट म्हणजे काय, तर नळीत थेंब टाकायचे आणि पाण्याचा रंग कागदावरच्या रंगाशी डोळ्यांनी जुळवायचा. लग्नाच्या शालूला मॅचिंग ब्लाउजपीस शोधताना आमच्या घरात जे होतं ते पाहता, या पद्धतीवर माझा फारसा विश्वास नाही. इथे शून्य म्हणजे ‘नाही’ नव्हे. शून्य म्हणजे ‘मला दिसत नाही’. कधी तर हिरवं शेवाळ सगळं गट्ट करून बसलेलं असतं आणि पाणी म्हणतं, माझ्याकडे काही नाही. हे अगदी आमच्या काही कर्जदारांसारखं आहे. त्यांच्या नावावर काही सापडत नाही. गाडी बायकोच्या नावावर, बंगला मेहुण्याच्या. (माझ्या मेहुण्याचा इथे संबंध नाही.)

आता या पंथाचा कळस सांगतो. शून्य आल्यावर आणि टाकी तपकिरी झाल्यावर शून्यवादी पुन्हा दुकानात जातो. दुकानदार त्याला दुसरी बाटली देतो. तिच्यात काय असतं? नायट्रेट! तिसरी बाटली, तिच्यात फॉस्फेट! कपाटात डावीकडे काढायची बाटली आणि उजवीकडे घालायची बाटली. सकाळी डावी, रात्री उजवी. ठेवीवर साडेसहा टक्के घ्यायचे आणि ती ठेव तारण ठेवून साडेआठनं कर्ज काढायचं, असली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. पण त्यांना निदान मुलीचं लग्न तरी करायचं असतं.

दुसरी बाजू मांडल्याशिवाय भांडण्यात मजा नाही, म्हणून तीही मांडतो. नायट्रेट-फॉस्फेट बेसुमार वाढू देणं हे काही शहाणपण नव्हे. शेवाळ माजतं, आणि फॉस्फेट फार झालं तर प्रवाळाला आपला चुन्याचा सांगाडा बांधणं जड जातं. नुसतं पाणी बदलून हे लवकर आटोक्यात येत नाही. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं, तर ५० चं नायट्रेट ४५ होईल, मग साडेचाळीस, आणि दहा आठवड्यांनी सतराच्या आसपास. तेही नवी भर पडली नाही तर. कॉमर्सवाल्यांनी ओळखलंच असेल, ही घसाऱ्याची घटत्या शिलकेची पद्धत. तिच्यात टेबल-खुर्ची कधीच शून्य होत नाही. तेव्हा वाढलेली बाकी खाली आणायला व्होडका जरूर घालावी. माळकऱ्याला बाटली नको असेल तर व्हिनेगर घालावं. एका मिलिलिटर व्होडकाचं काम साधारण आठ मिलिलिटर व्हिनेगर करतं आणि सौ. खाली बसत नाही. फक्त वाढवायचं ते हळूहळू, स्किमर चालू ठेवून, आणि थांबायचं कुठे ते आधी ठरवून. बहुतेक अनुभवी मंडळी आज नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात आणि सुखानं झोपतात.

आणि खर्चाची बाजू आवळण्याआधी जमेची बाजू बघायची, हे आम्हांला पहिल्याच धड्यात शिकवतात. दहा ग्रॅम कोरड्या अन्नात निम्मं प्रथिन धरलं, तर त्यात आठ दशांश ग्रॅम नायट्रोजन येतो. त्या सगळ्याचं नायट्रेट झालं, तर ते साडेतीन ग्रॅम. चारशे लिटरात लिटरला जवळजवळ नऊ मिलिग्रॅम. त्या घरात माशांना सकाळी मेहुणा घालायचा, दुपारी त्याची बायको घालायची, संध्याकाळी भाची घालायची, आणि आम्ही गेल्यावर ‘बिचारे उपाशी दिसतात’ म्हणून आमची सौ. घालायची. मार्चमधलं ते ४० आकाशातून पडलेलं नव्हतं. चार माणसं पैसे भरताहेत आणि एक माणूस व्होडका ओतून ते जाळतोय, याला हिशेब म्हणत नाहीत.

हे सगळं मी मेहुण्याला तिथेच सांगितलं. ‘दाजी, तुम्ही बँकेत आहात, समुद्रात नाही,’ असं तो म्हणाला. तरी भाचीसमोर म्हणाला म्हणून असेल, दुसऱ्या दिवसापासून सिरिंजमधला आकडा थोडा थोडा उतरू लागला. आम्ही निघालो तेव्हा व्होडका ५ होती, नायट्रेटच्या रकान्यात ३ होतं आणि वहीतली शाई निळी झाली होती. दोन महिन्यांनी भाचीनं फोटो पाठवला. तिच्या प्रवाळाच्या वरच्या फांद्या हिरव्या आहेत. खालचा निम्मा भाग नुसता सांगाडा आहे, त्यावर शेवाळ आलं आहे. तो भाग आता परत येणार नाही. मेहुणा म्हणतो, उरलेलं वाचलं हा योगायोग आहे. मी म्हणतो, गेलेला निम्मा भाग हा योगायोग नव्हता.

रिझर्व्ह बँकेलासुद्धा हे कळतं. प्रत्येक बँकेनं ठेवींचा काही हिस्सा तिच्याकडे राखून ठेवायचा, असा दंडक आहे. किती टक्के ते वर-खाली होतं, पण तिजोरी पुसून चकचकीत करणाऱ्या बँकेचा तिनं सत्कार केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

शून्यवाद्यांना पटत नसेल, तर त्यांना मी आपल्याच समुद्रातल्या एका शाखेचा पत्ता देतो. विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात, पाण्याखाली एक बँक आहे. तिचं नाव आंग्रिया बँक. हे नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडलं, म्हणजे वसुलीची परंपरा थोर आहे. तिथे प्रवाळं आहेत, माशांची गर्दी आहे, घाण करणारे अगणित आणि साफ करणारेही तेवढेच. शिल्लक नाममात्र, उलाढाल अफाट, चोवीस तास कामकाज, आणि सिरिंज घेऊन फिरणारा एकही अधिकारी नाही. माझी बदली तिथे झाली, तर मी युनियनकडे जाणार नाही.